रोखीचा भाव, उधारीचा भाव

कुठल्याही कॉन्फरन्सच्या वेबसाइटवर 'रजिस्ट्रेशन' नावाचं एक पान असतं आणि त्या पानावर एक तक्ता असतो. डावीकडे माणसांचे प्रकार: विद्यार्थी, अकॅडमिक, इंडस्ट्री. वर तारखांचे प्रकार: अर्ली बर्ड, रेग्युलर, स्पॉट. प्रत्येक चौकटीत एक आकडा. खाली बारीक अक्षरांत 'अधिक १८ टक्के जीएसटी'. लोक आपली चौकट शोधतात, पैसे भरतात आणि पान बंद करतात. मी मात्र गेलं वर्षभर असे तक्ते वाचतेय. आधी कामाचा भाग म्हणून, नंतर नादच लागला म्हणून.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. गाव नेवासा, नोकरी पुण्यात, आणि आमची कंपनी शाळांसाठी ॲप बनवते. त्यामुळे 'एज्युकेशनल टेक्नॉलॉजी' या विषयाच्या कॉन्फरन्स माझ्या कॅलेंडरवर असतात. माझी ताई नेवासा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक आहे. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. त्या लांबलचक इंग्रजी नावातला 'टेक्नॉलॉजी' हा शब्द माझ्या वाट्याला आलाय आणि 'एज्युकेशनल' हा तिच्या. विषय एकच, पण त्या तक्त्यात आम्हा दोघींच्या चौकटी वेगळ्या आहेत. हा लेख त्या चौकटींबद्दल आहे.

* * *

आधी थोडी पार्श्वभूमी. ताईच्या वर्गातली बरीच मुलं साधे शब्द वाचायची आणि जोडाक्षर आलं की थांबायची. 'पुस्तक'पाशी गाडी अडायची. मी शनिवार-रविवारी बसून एक छोटं ॲप बनवलं. इंटरनेट लागत नाही, जुन्या फोनवर चालतं, मूल मोठ्याने वाचतं आणि पुढचा शब्द येतो. कंपनीचा त्याच्याशी संबंध नव्हता. ताईने ते अकरा आठवडे वर्गात वापरलं आणि रोज एका वहीत नोंद ठेवली. कोण कुठे अडलं, कोणी कोणाला सांगितलं, कोणी फोन हातात घ्यायलाच नकार दिला. ॲपमध्ये साठलेला डेटा माझ्याकडे होता, पण तो डेटा तसा का आहे याचं उत्तर त्या वहीत होतं. आम्ही दोघींनी मिळून पेपर लिहिला. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. दक्षिणेतल्या एका शहरात डिसेंबरमध्ये होणाऱ्या कॉन्फरन्सला तो पाठवला आणि ऑगस्टच्या अठरा तारखेला ईमेल आला: पेपर स्वीकारला आहे.

अर्ली बर्डची मुदत पंचवीस ऑगस्टला संपत होती. हातात सात दिवस.

आता तो तक्ता. अकॅडमिक ओळीत अर्ली बर्ड साडेचार हजार, रेग्युलर साडेसहा हजार, स्पॉट आठ हजार. जीएसटी धरून ५,३१०, ७,६७० आणि ९,४४० रुपये. इंडस्ट्रीच्या ओळीत अर्ली बर्डच नऊ हजारांचा, जीएसटीसह १०,६२०. विद्यार्थ्यांना तीन हजार.

माझी चौकट सोपी होती. कंपनीत प्रत्येकाला शिकण्यासाठी वर्षाचं एक बजेट असतं आणि ते मार्चच्या आत वापरलं नाही तर जातं. मी मॅनेजरला लिंक पाठवली, त्याने अंगठा दाखवणारा इमोजी पाठवला, कंपनीच्या कार्डावरून पैसे गेले. सगळं मिळून चार मिनिटं लागली. माझ्या बँक खात्यातून एक रुपया हलला नाही.

ताईची चौकट 'अकॅडमिक'. त्याच ओळीत विद्यापीठातला प्राध्यापकही येतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे नव्याने लागणाऱ्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. शिक्षणसेवकाचं मानधन प्राथमिक शाळेत महिना १६,००० रुपये, आणि ते तीन वर्षं तेवढंच राहतं. २०२३ मध्ये वाढण्याआधी तर ते ६,००० होतं. म्हणजे तेव्हाची एखादी शिक्षणसेविका अर्ली बर्डमध्ये जायची म्हटली असती तर महिन्याचं जवळजवळ सगळं मानधन त्या एका चौकटीत गेलं असतं. आज एक तृतीयांश जातं. स्पॉट रजिस्ट्रेशन केलं तर निम्म्याहून जास्त.

आणि विद्यार्थी? त्यांना सवलत असावी, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्यांना फेलोशिप नाही असे पीएचडीचे विद्यार्थी कसे दिवस काढतात ते माझ्या मित्रमंडळीत मी पाहिलंय. पण ज्याला जेआरएफ मिळते त्याची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० आहे. त्याला तीन हजार आणि सोळा हजारवालीला साडेचार. हा तक्ता बनवताना कोणी वाईट विचार केला असेल असं मला वाटत नाही. बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर 'शिक्षक' म्हणून जो माणूस होता तो कॉलेजात शिकवणारा होता, एवढंच. पहिलीला शिकवणारी बाई त्याच्या डोळ्यांसमोर आलीच नाही. ज्या ॲपबद्दल तिथे तीन दिवस बोललं जाणार होतं ती शेवटी तिच्याच हातात पडतात, तरीही.

* * *

'अर्ली बर्ड' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वडिलांचं दुकान आठवलं होतं.

नेवासा फाट्यावर आमचं कृषी सेवा केंद्र आहे. खत, बियाणं, औषधं. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीचा भाव सरकारने ठरवून दिलेला, तिथे कोणालाच कमी-जास्त करता येत नाही. फवारणीची औषधं आणि टॉनिकं यांचं तसं नाही. त्यांच्या बाटलीवर एमआरपी छापलेली असते, आणि रोखीने घेणाऱ्याला वडील त्यावर सूट देतात. उधारीवर नेणाऱ्याला पूर्ण एमआरपी लागते. दुकानात या दोन भावांना नावंच आहेत: रोखीचा भाव आणि उधारीचा भाव.

लहानपणी मला वाटायचं की उधारीवाला माणूस आळशी असणार. वेळेवर पैसे आणायला काय झालं? वडिलांनी तेव्हा एका ओळीत समजावलं होतं: "त्याचा ऊस अजून उभाय." आडसाली ऊस तुटायला दीड वर्ष लागतं. तुटून कारखान्यात गेला की कायद्याने चौदा दिवसांत बिल मिळायला हवं, पण मुळात तुटायलाच दीड वर्ष. फवारणीची वेळ पिकावर ठरते आणि पैशाची वेळ बिलावर. या दोन तारखा जुळत नाहीत आणि त्यांच्यामधलं अंतर माणसाला उधारीच्या भावात ढकलतं. ज्याच्याकडे दुकानाचं भाडं येतं, घरात एखादा पगार आहे, त्याला तेच औषध स्वस्त पडतं.

अर्ली बर्डचं तंत्र हेच आहे. आयोजकांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचंही चूक नाही. हॉलचं डिपॉझिट सहा-आठ महिने आधी भरावं लागतं. जेवणाच्या कंत्राटदाराला ताटांचा आकडा द्यावा लागतो. मुख्य वक्त्यांची विमानं आणि हॉटेल आधी बुक करावी लागतात. पेपर छापायचे त्या प्रकाशकाचे पैसे, पेमेंट गेटवेचं कमिशन, बॅगा, बिल्ले. हातात काही नसताना हे सगळं उभं करायचं असतं. म्हणून जे लोक लवकर पैसे देतात ते खरंतर आयोजकांना बिनव्याजी कर्ज देत असतात, आणि सवलत म्हणजे त्या कर्जाचं व्याज. हिशेब चोख आहे. पण कर्ज तोच देऊ शकतो ज्याच्याकडे वेळेच्या आधी पैसे आहेत. दुकानात वडील उधारी लिहून घेतात तेव्हा गिऱ्हाइकाला निदान औषध आज मिळतं. कॉन्फरन्सची उधारीच नसते. भाव तेवढा उधारीचा लागतो.

ताईच्या बाबतीत ही तारीख अशी पडली होती. ऑगस्टची पंचवीस. घरभाडं, स्कूटीचा हप्ता, भाचीची फी हे सगळं महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत जातं. पंचवीस तारखेला तिच्या खात्यात किती असतं हे मला माहीत आहे, कारण कधीकधी ती माझ्याकडून पाचशे रुपये घेते आणि एक तारखेला न विसरता परत करते.

पैशांखेरीज परवानगीचाही प्रश्न होता. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी या वाटेने अर्ज जातो आणि त्या वाटेत गैर काही नाही. शाळेत दोनच शिक्षक. एक तीन दिवस बाहेर गेला तर चार वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. हे कोणीतरी विचारलंच पाहिजे. पण ही परवानगी सात दिवसांत येत नाही. परवानगी हातात नसताना पैसे भरले आणि ती आलीच नाही तर? तक्त्याखाली बारीक अक्षरांत तेही लिहिलेलं होतं: भरलेले पैसे कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाहीत.

* * *

तारखांबद्दल अजून एक गंमत सांगते. कॉन्फरन्सला पेपर पाठवायची मुदत बऱ्याचदा 'एओई' अशी लिहिलेली असते. म्हणजे 'एनीव्हेअर ऑन अर्थ'. पृथ्वीवर कुठेही ती तारीख अजून चालू असेल तर तुम्ही वेळेत आहात. जगातल्या सगळ्यात मागे असलेल्या टाइमझोनवर ती मोजतात. रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची मुदत असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ५ वाजून २९ मिनिटं होईपर्यंत पेपर पाठवता येतो. आम्ही आमचा पेपर असाच शेवटच्या दिवशी, ताईची शाळा सुटल्यावर पाठवला. पृथ्वीवरच्या कोणावरही अन्याय होऊ नये म्हणून घड्याळाच्या बाबतीत एवढा बारीक विचार केलेला आहे. मला तो फार आवडतो. फक्त तो घड्याळापाशीच थांबतो. 'एनीव्हेअर ऑन अर्थ' पगाराच्या तारखेला लागू होत नाही आणि शाळेच्या वेळापत्रकालाही नाही.

शाळेचं वेळापत्रक म्हणजे काय, हे या विषयाच्या कॉन्फरन्सच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. भारतात 'टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन' नावाची कॉन्फरन्स २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झाली. २०१० ला ती आयआयटी मुंबईत, मग चेन्नईत, मग हैदराबादला झाली. ही तिन्ही वर्षं ती जुलैत भरली. जुलै म्हणजे आमच्याकडे नुकती शाळा उघडलेली, पटनोंदणी चालू, पुस्तकं वाटायची आणि बाहेर पेरणी. २०१३ पासून ती डिसेंबरात गेली. खरगपूर, कोल्लम, वारंगळ, पुन्हा मुंबई, २०१९ ला गोवा. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे कारखान्यांचा हंगाम. नेवासा तालुक्यात भेंड्याला आणि सोनईला साखर कारखाने आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर मुलं येतात, आणि गावातली काही मुलं आईबापांबरोबर दुसऱ्या कारखान्यावर जातात. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं, येणाऱ्याला वर्गात सामावून घ्यायचं. पट रोज हलतो. या दिवसांत वर्ग सोडून जाणं म्हणजे बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवण्यासारखं आहे.

जगातल्या मोठ्या कॉन्फरन्स घेतल्या तरी तेच. शिक्षणातल्या डेटावर काम करणाऱ्यांची 'ईडीएम' २०२३ मध्ये चक्क बंगळुरूत झाली. ताईला एका रात्रीच्या बसने जाता आलं असतं. पण ती ११ ते १४ जुलैला होती, कारण युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. कॉन्फरन्स आपल्या दारात आली तरी तिची तारीख दुसऱ्यांच्या सुट्टीवर ठरते. 'लॅक' नावाची आणखी एक मोठी कॉन्फरन्स बऱ्याचदा मार्चमध्ये असते. आपल्याकडे मार्च म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा आणि खालच्या वर्गांचं वर्ष संपत आलेलं. आपल्या प्राथमिक शिक्षकांना खरी सुट्टी असते मे महिन्यात आणि दिवाळीत. मे महिन्यातली शालेय तंत्रज्ञानाची मोठी कॉन्फरन्स आपल्याकडे मला अजून सापडलेली नाही.

नेवाशात आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, ज्ञानेश्वर मंदिरात मोठी गर्दी होते. ती तारीख कुणाला ईमेलने कळवावी लागत नाही. पंचांग आलं की वर्षभर आधी समजते. मजुरीवाल्यापासून कारखान्याच्या संचालकापर्यंत सगळ्यांना ती एकाच दिवशी समजते, आणि ज्याला जसं जमेल तसं तो रजेचं, पैशाचं, जनावरांच्या चाऱ्याचं बघतो. माझा मुद्दा भक्तीचा नाही, नियोजनाचा आहे. तारीख आधी आणि सगळ्यांना एकदम समजली तर गरीब माणूसही 'अर्ली बर्ड' होऊ शकतो. आमच्या कॉन्फरन्सच्या पानावर पेपर मागवताना फीच्या जागी फक्त 'लवकरच जाहीर होईल' असं होतं. फीचा आकडा पेपर स्वीकारल्याच्या ईमेलबरोबर आला. तोवर मुदतीचे सात दिवस उरले होते.

* * *

मी आयोजकांना लिहिलं. शालेय शिक्षकांसाठी वेगळा दर आहे का? ज्या पेपरचा पहिला लेखक शिक्षक आहे त्याला काही सूट? उत्तर दोन दिवसांत आलं आणि सभ्य होतं: दर समितीने ठरवलेले आहेत, या वर्षी बदल शक्य नाही, सूचना पुढच्या समितीकडे पाठवू. नियम असा होता की प्रत्येक पेपरमागे किमान एका लेखकाने पूर्ण दराने नोंदणी केली पाहिजे आणि प्रत्यक्ष येऊन पेपर सादर केला पाहिजे. नाहीतर पेपर छापला जाणार नाही. असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, आणि पेपर पाठवून गायब होणाऱ्यांमुळे तो आलेला आहे. माझी नोंदणी झालेली होती. म्हणजे पेपर सुरक्षित होता. प्रश्न फक्त त्यावर बोलणार कोण, हा होता.

"तुझे मी भरते," मी फोनवर म्हणाले.

"तू भरशील गं. पुढच्या वर्षी कोण भरणार?"

"पुढच्या वर्षीपण मीच."

"आणि आमच्या केंद्रातल्या बाकीच्या मॅडमचे?" ती म्हणाली. "त्या शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी गणिताचं केवढं केलंय. त्यांना कुठंय इंजिनिअर बहीण?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भरलेल्या पैशांनी ताईची चौकट भरली असती, तक्ता तसाच राहिला असता.

कॉलेजातल्या प्राध्यापकांना निदान एक आधार असतो. यूजीसीने २०१० च्या नियमांत एपीआय नावाची गुणांची पद्धत आणली आणि पेपर वाचला की बढतीसाठी गुण मिळू लागले. त्यातून पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे 'आंतरराष्ट्रीय परिषद', पैसे भरा, बॅग घ्या, सर्टिफिकेट घ्या. त्या धंद्याबद्दल मला प्रेम नाही. पण त्या पद्धतीत निदान एवढं मान्य केलेलं आहे की कॉन्फरन्सला जाणं हा शिक्षकाच्या कामाचा भाग आहे. पहिलीला शिकवणाऱ्या शिक्षिकेने पेपर लिहिला तर तो तिचा छंद धरला जातो. छंदाचे पैसे ज्याचे त्याने भरायचे.

* * *

दुसरी पद्धत शक्य नाही असं नाही. आपल्याच राज्यात ती होऊन गेली आहे. आयआयटी मुंबईतून प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने 'टी-टेन-केटी' हा उपक्रम चालला. एका वेळी दहा हजार शिक्षकांपर्यंत पोचायचं हे त्याचं उद्दिष्ट. त्यासाठी दहा हजार लोकांना पवईला बोलावलं नाही. देशभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं केंद्रं म्हणून जोडली, शिकवणं थेट प्रक्षेपित केलं, आणि शिक्षक आपल्या जवळच्या कॉलेजात जाऊन बसले. जेवण तिथलं, प्रश्न तिथून विचारायचे. हॉल लहान पडतो म्हणून फी वाढवावी लागली नाही, कारण हॉलच शेकडो होते.

त्याच पवईत २०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एका आठवड्यात दोन मोठ्या कॉन्फरन्स लागोपाठ झाल्या. आशिया-पॅसिफिकची 'आयसीसीई' आणि मागोमाग 'टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन'. नोटबंदीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या एका सरांनी जायचं ठरवून रद्द केलं, कारण ते रोज सकाळी बँकेच्या रांगेत होते. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. आता वाटतं, कॉन्फरन्सची तारीख आणि खिशातल्या पैशांची तारीख यांची गाठ इतकी उघडपणे तेव्हाच दिसली होती.

मग २०२० आलं. मार्चमधली 'लॅक' जर्मनीत फ्रँकफर्टला व्हायची होती, ती ऑनलाइन झाली. जुलैमधल्या दोन कॉन्फरन्स मोरोक्कोत इफ्रानला व्हायच्या होत्या, त्याही ऑनलाइन झाल्या. व्हिसा नको, विमान नको. मी तेव्हा नोकरीला नवीन होते आणि नेवाशात घरून काम करत होते. दुकानाच्या वरच्या खोलीत बसून मी अशी भाषणं ऐकली, ज्यांच्या हॉलमध्ये पाय ठेवायची माझी तेव्हा ऐपत नव्हती. नेटवर्क जायचं, खाली गोण्या उतरवल्याचे आवाज यायचे, पण ऐकता यायचं. मग साथ संपली आणि दारं पुन्हा हॉलची झाली. आमच्या कॉन्फरन्सला ऑनलाइन हजेरीची सोय होती, पण तिचा दर प्रत्यक्ष येणाऱ्याइतकाच. जेवण नाही, बॅग नाही, हॉल नाही, पैसे मात्र तेवढेच.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पेपर मागवता तेव्हाच फी जाहीर करा. पेपर स्वीकारल्यापासून निदान पाच आठवडे अर्ली बर्ड चालू ठेवा, म्हणजे त्यात एक तरी एक तारीख येईल आणि एक तरी अर्ज मंजूर होऊन येईल. रजा नाकारली गेल्याचं पत्र दाखवलं तर पैसे परत करा. तक्त्यात 'शालेय शिक्षक' ही ओळ घाला आणि तिचा आकडा विद्यार्थ्याच्या आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. इंडस्ट्रीकडून हवं तर हजार रुपये जास्त घ्या. खरं सांगते, आमच्या कंपनीला तो फरक कळलासुद्धा नसता. मॅनेजरने तोच अंगठा पाठवला असता.

* * *

डिसेंबरमध्ये मी एकटी गेले. पंधरा मिनिटं बोलले. स्लाइड ताईने तपासलेल्या होत्या. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एका बाईंनी चांगला प्रश्न विचारला: तेवीस मुलांनी सुरुवात केली, शेवटच्या तक्त्यात सोळाच दिसतात, सात कुठे गेली?

"सीझनल मायग्रेशन," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं, आणि सूत्रसंचालकाने पुढच्या पेपरचं नाव घेतलं. उत्तर बरोबर होतं. पण ताई तिथे असती तर तिने सातही मुलांची नावं घेतली असती. कोणत्या टोळीबरोबर कोण गेलं, जाताना कोणी फोन परत आणून दिला, कोणता मुलगा फेब्रुवारीत परत आला तेव्हा जोडाक्षरं विसरला नव्हता आणि का विसरला नव्हता, हे सांगितलं असतं. ते 'का' आमच्या पेपरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ठरलं असतं. ते तिच्या वहीत आहे. ती वही त्या दिवशी नेवासा तालुक्यात होती आणि तिची मालकीण दुपारच्या खिचडीच्या रांगेत मुलं मोजत होती.

जानेवारीत ताईने तोच विषय केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडला. महिन्यातून एकदा केंद्रातल्या शाळांचे शिक्षक एकत्र बसतात ती ही परिषद. कॉन्फरन्सला मराठीत शब्द तोच आहे. रजिस्ट्रेशन नाही, बॅग नाही. चहाची वर्गणी जमते, ती उशिरा दिली तरी वाढत नाही. मी रजा टाकून गेले आणि मागच्या बाकावर बसले. ताई चाळीस मिनिटं बोलली. प्रश्न संपेनात. एका सरांनी विचारलं, टोळीबरोबर आलेली मुलं वेगळ्या बोलीत वाचतात, ॲपला ते समजतं का? समजत नव्हतं. तेवढ्या कॉन्फरन्समध्ये हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. परतताना मी बसमध्ये त्यावर काम सुरू केलं.

या गावात बसून शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्या खांबाला टेकून तो सांगितला असं मानतात, त्याला आम्ही पैस म्हणतो. पैस म्हणजे ऐसपैस, मोकळं, सगळ्यांना जागा असलेलं. शाळेत असताना आम्ही 'पैस'ला एक काना लावून हसायचो. आता ते तक्ते वाचताना त्या एका कान्याचा विचार येतो.

केंद्राच्या परिषदेतली चर्चा कुठे छापून येत नाही. तिला डीओआय नंबर नसतो, ती कोणी पुढे उद्धृत करत नाही. ताईलाही ते माहीत आहे. म्हणून तिने त्या कॉन्फरन्सचा नाद सोडलेला नाही. पुढच्या पेपरचं पहिलं नावही तिचं आहे आणि या वेळी बोलायलाही तीच जाणार आहे, असं तिने मला आणि मुख्याध्यापकांना सांगून ठेवलंय. परवानगीचा अर्ज तारखेची जागा कोरी ठेवून तयार आहे. जानेवारीतच तिने बँकेत सहा महिन्यांची आरडी उघडली, महिना नऊशे रुपये. वडिलांनी हिशेब ऐकला आणि म्हणाले, "म्हणजे यंदा रोखीच्या भावात."

आरडी जुलैत पूर्ण होईल. ५,४०० आणि वर थोडं व्याज. मागच्या वर्षीचा अर्ली बर्ड ५,३१० होता. यंदाचा आकडा आणि तारीख वेबसाइटवर मी आज सकाळी पुन्हा पाहिली. लवकरच जाहीर होईल, असं लिहिलंय.